'बाजूनेही नाही, विरोधातही नाही': खोकल्याच्या औषधांवरचा आढावा वाचताना

पीएच.डी.च्या प्रवेश मुलाखतीत हल्ली एक प्रकार बऱ्याच ठिकाणी होतो. समोर एक शोधनिबंध ठेवतात आणि म्हणतात, "यावर टीका करा." बहुतेक उमेदवार दोनच गोष्टी सांगतात: नमुना लहान आहे, आणि आणखी संशोधनाची गरज आहे. दोन्ही खऱ्या असू शकतात. पण त्या जगातल्या कुठल्याही निबंधाबद्दल म्हणता येतात, म्हणून ती टीका होत नाही. या निबंधात, या प्रश्नासाठी नेमकं काय खटकतं ते सांगता आलं पाहिजे. आज तसा एक निबंध घेऊन बसू. विषय मुद्दाम घरगुती निवडलाय: मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली खोकल्याची औषधं खोकला खरंच कमी करतात का?

निबंध आहे सुझन स्मिथ, क्नुट श्रोडर आणि टॉम फाहे यांचा कॉक्रेन आढावा, २०१४ ची आवृत्ती. कॉक्रेनच्या आढाव्यात नवे प्रयोग नसतात. एखाद्या प्रश्नावर जगभर झालेल्या चाचण्या शोधायच्या, आधी ठरवलेल्या निकषांच्या चाळणीतून काढायच्या, त्यांचा दर्जा तपासायचा आणि मग एकत्रित काय दिसतं ते सांगायचं. याला पद्धतशीर आढावा म्हणतात. आपल्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात जो 'पूर्वसंशोधनाचा आढावा' असतो त्याच्याशी याची गल्लत करू नका. तिथे आपल्याला सापडलेले आणि आवडलेले निबंध असतात. इथे न आवडलेलेही घ्यावे लागतात.

निकष असे: खोकला तीन आठवड्यांपेक्षा कमी दिवसांचा हवा, रुग्ण घरी राहून उपचार घेणारा हवा, औषध तोंडाने घ्यायचं हवं आणि तुलना प्लासिबोशी हवी. निरोगी माणसाला मिरचीतलं कॅप्सेसिन हुंगवून मुद्दाम आणलेला खोकला यात धरलेला नाही. ते योग्यच. सर्दीने आलेला खोकला आणि ठसका लागून आलेला खोकला यांचं औषधही एकच असेल असं मानायला काही आधार नाही.

चाळणीतून उरल्या २९ चाचण्या, एकूण ४८३५ माणसं. त्यांपैकी १९ चाचण्या मोठ्यांच्या (३७९९ जण) आणि १० मुलांच्या (१०३६ जण). एवढं सगळं वाचून लेखकांचा निष्कर्ष काय, तर या औषधांच्या परिणामकारकतेच्या बाजूने चांगला पुरावा नाही आणि विरोधातही नाही.

हे वाक्य फार सावध आहे, आणि पहिल्या वाचनात प्रामाणिकही वाटतं. माझं म्हणणं असं की हे एकच वाक्य दोन वेगळ्या गोष्टींवर पांघरूण घालतं. मोठ्यांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. मुलांच्या बाबतीत ते गरजेपेक्षा जास्त गुळमुळीत आहे. आता हे असं का म्हणते ते सविस्तर बघू, कारण मुलाखतीत "का?" हाच पुढचा प्रश्न असतो.

बेरीज का केली नाही?

आढावा म्हटला की आपल्याला तो हिऱ्याच्या आकाराचा एकत्रित आकडा आठवतो. इथे तो नाही. कारण चाचण्यांनी मोजलेल्या गोष्टीच एकमेकींशी जुळत नाहीत. एकीने ध्वनिमुद्रण करून उबळी मोजल्या. दुसरीने खोकल्याच्या आवाजाची पातळी मोजली. तिसरीने रुग्णाला डायरीत गुण लिहायला लावले. मुलांच्या चाचण्यांत तर आईवडिलांनी सांगायचं, की पोर रात्री किती खोकलं आणि तुमची झोप किती मोडली. औषधं वेगळी, डोस वेगळे, कुठे तीन तासांचं निरीक्षण तर कुठे कित्येक दिवसांचं. अशा आकड्यांची बेरीज करणं म्हणजे लिटर आणि मीटर एकत्र मिळवणं. ती केली नाही हे बरंच झालं.

पण मग केलं काय? शब्दांत मतमोजणी. म्हणजे, खोकला दाबणाऱ्या औषधांच्या मोठ्यांवरच्या सहा चाचण्या, निकाल मिश्र. ग्वायफेनेसिन या कफ सुटायच्या औषधाच्या दोन, एकीत फायदा, दुसरीत नाही. अँटिहिस्टामिनच्या तीन, प्लासिबोपेक्षा सरस नाही. अँटिहिस्टामिन आणि नाक मोकळं करणारं औषध एकत्र अशा दोन, निकाल एकमेकांविरुद्ध. आणि असंच पुढे.

'निकाल मिश्र' हा शब्दप्रयोग दिसला की थांबायचं. दोन चाचण्यांचे निकाल खरंच एकमेकांना छेद देतात, की एक चाचणी फरक दिसण्याइतकी मोठीच नव्हती? या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचं अंतर आहे.

डेक्स्ट्रोमेथॉर्फनचंच घ्या. कोरड्या खोकल्याच्या बाटलीवर हे नाव तुम्ही नक्की वाचलं असेल. २००० साली कार्डिफमधल्या ली, जवाद आणि एकल्स यांनी ४३ रुग्णांवर चाचणी केली: निम्म्यांना ३० मिलिग्रॅमचा एक डोस, निम्म्यांना प्लासिबो. दोन्ही गटांचा खोकला कमी झाला, आणि औषधाला म्हणावा असा वेगळा परिणाम दिसला नाही. २००१ मध्ये पावेसी आणि सहकाऱ्यांनी सहा चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली, ७१० मोठी माणसं, डोस तोच. तिथे औषधाच्या बाजूने फरक दिसला, खोकल्याच्या वेगवेगळ्या मापांवर १२ ते १७ टक्के.

आता सांगा, हे निकाल परस्परविरोधी आहेत का? प्रत्येक गटात विसेक माणसं असताना १२-१५ टक्क्यांचा फरक पकडणं जवळपास अशक्य असतं. माणसामाणसात खोकल्याचं प्रमाण इतकं कमीजास्त असतं की तेवढा फरक त्या गोंधळात बुडून जातो. म्हणजे ४३ जणांची चाचणी "परिणाम नाही" असं सिद्ध करत नाही. मोठा परिणाम दिसला नाही, एवढंच ती सांगते. आणि ७१० जणांची आकडेवारी म्हणते की छोटा परिणाम आहे. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मतमोजणीत मात्र एक मत इकडे, एक मत तिकडे, आणि निकाल 'मिश्र'.

मग डेक्स्ट्रोमेथॉर्फन काम करतं असं म्हणायचं का? थांबा. १२ ते १७ टक्के म्हणजे किती ते घरच्या भाषेत आणू. समजा प्लासिबो घेतलेला माणूस तीन तासांत ४० वेळा खोकला, तर औषध घेतलेला ३३-३५ वेळा. शेजारी झोपलेल्या माणसाला हा फरक कळेल का? मला तरी शंका आहे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आणि रुग्णाच्या दृष्टीने लक्षणीय या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य तुम्ही पाठ केलं असेलच. ते असं दिसतं. शिवाय हा फरक एका डोसानंतरच्या काही तासांचा आहे. पाच दिवस दिवसातून तीन वेळा घेतलं तर काय होतं, हे या आकड्यातून कळत नाही. आपण घरी मात्र तसंच घेतो.

कोडीनची गोष्ट थोडक्यात सांगते. खोकला दाबणाऱ्या औषधांत ते एकेकाळी मापदंड समजलं जायचं, बाकीची औषधं त्याच्याशी ताडून बघायचे. १९९७ मध्ये फ्रीस्टोन आणि एकल्स यांनी सर्दीच्या खोकल्यावर ५० मिलिग्रॅम कोडीन प्लासिबोशी ताडून बघितलं, ८२ जणांवर. फरक दिसला नाही. मापाची काठीच वाकडी निघाली तर तिच्याने मोजलेल्या बाकीच्या लांब्यांचं काय, हा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा.

टक्क्यांच्या मागची माणसं

आढाव्यात एक ओळ अशी आहे की मुलांच्या दोन सिरपना अनुक्रमे ४६ आणि ५६ टक्के मुलांत 'समाधानकारक प्रतिसाद' मिळाला, प्लासिबोला २१ टक्के. वाचून वाटतं, अरे वा, दुपटीहून जास्त!

ही चाचणी १९६६ ची आहे आणि त्यात मुलं होती ४३. तीन गटांत वाटली तर एका गटात साधारण चौदा. आता १४ चे २१ टक्के काढा. तीन. म्हणजे प्लासिबोच्या गटात तीन मुलांच्या बाबतीत कुणीतरी "समाधानकारक" म्हणालं. आणखी तीन मुलांची नोंद तशीच झाली असती तर तो गट थेट ४० टक्क्यांच्या पुढे गेला असता आणि तुमचा तो 'अरे वा' तिथेच विरला असता. लहान नमुना ही सबब कुठेही फेकता येते असं मी वर म्हटलं. पण "या तीन मुलांवर हा आकडा उभा आहे" असं दाखवून दिलंत तर ती टीका होते. आढाव्याने हा आकडा सारांशात टक्क्यांत दिलाय, संख्येत नाही. तिथे मला लेखकांशी भांडायचंय. टक्केवारी देताना शेजारी माणसं मोजून द्यावीत, निदान गट इतका छोटा असेल तेव्हा तरी.

ग्वायफेनेसिनचंही असंच काहीतरी आहे, पण दोष वेगळा. फायदा दाखवणाऱ्या चाचणीत २३९ जण होते, म्हणजे संख्या बरी आहे. त्यातल्या औषध घेतलेल्या ७५ टक्के लोकांनी औषधाचा उपयोग झाला असं सांगितलं, प्लासिबो घेतलेल्या ३१ टक्क्यांनी. फरक मोठा आहे. पण मोजलं काय? "उपयोग झाला का?" या प्रश्नाचं उत्तर. खोकला किती वेळा आला हे नव्हे. ६५ जणांच्या दुसऱ्या चाचणीत खोकल्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही; कफ पातळ झाल्याचं मात्र औषधाच्या गटातल्या जास्त लोकांनी सांगितलं. म्हणजे कदाचित हे औषध कफाचं काही करत असेल आणि लोक त्यालाच 'बरं वाटलं' म्हणत असतील. पण प्रश्न खोकल्याचा होता ना? परिणाम कशावर मोजला हे न बघता 'एक बाजूने, एक विरोधात' असं लिहिलं की ही गंमत हरवते.

प्लासिबो म्हणजे 'काहीच नाही' नव्हे

माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातला सर्वात रोचक भाग हा आहे, आणि आढावा त्याला जेमतेम स्पर्श करतो.

खोकल्याच्या औषधाच्या चाचणीत प्लासिबो काय असतो? बहुतेकदा औषध काढून घेतलेलं सिरप. म्हणजे गोड, दाट, चवीचा, घशावरून हळूहळू उतरणारा चमचाभर पाक. रोनाल्ड एकल्स यांनी वर्षानुवर्षं हाच मुद्दा लावून धरला की हा पाक स्वतःच काहीतरी करतो: गोड चवीने लाळ सुटते, गिळलं जातं, खवखवणाऱ्या घशावर लेप बसतो. त्यात "औषध घेतलं" या भावनेचा वाटा वेगळाच. खोकल्याच्या औषधाने जो काही आराम पडतो त्याचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग प्लासिबोच्या खात्यात जाऊ शकतो, इथपर्यंत त्यांनी लिहिलं आहे. या आकड्याबाबत मी जरा हात राखून बोलेन, कारण आपोआप बरं होणंही त्याच खात्यात जमा होतं. पण मुद्दा पक्का आहे.

मघाच्या ४३ जणांच्या चाचणीत डोस कॅप्सूलमध्ये भरून दिला होता, सिरप म्हणून नव्हे. हे तुमच्या लक्षात यायला हवं. पाकाचा परिणाम बाजूला काढून नुसत्या रेणूला काय येतं हे तिथे बघितलं. याउलट सिरपची तुलना सिरपशी केली की दोन्ही बाजूंना पाकाचा आराम मिळतो आणि औषधाचा वाटा अंधुक होतो. म्हणजे प्रश्न खरं तर दोन आहेत. रेणू काम करतो का? आणि बाटली काम करते का? संशोधकाला पहिला प्रश्न महत्त्वाचा. रात्री दोन वाजता ढास लागलेल्या माणसाला दुसरा. आढाव्याने निकष लावताना फक्त प्लासिबोशी तुलना करणाऱ्या चाचण्या घेतल्या, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघूच शकत नाही. ही चूक नाही, निवड आहे. पण ती निवड केलीय हे वाचकाला कळलं पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नासाठी तीन गट लागतात: औषध, प्लासिबो आणि काहीच नाही. अशी एक सुंदर चाचणी अमेरिकेत इयन पॉल आणि सहकाऱ्यांनी केली, २०१४ मध्येच प्रसिद्ध झाली. दोन महिन्यांपासून चार वर्षांच्या आतली १२० मुलं. एका गटाला अगाव्हे नावाच्या वनस्पतीचा गोड रस, दुसऱ्याला रंग आणि चव घातलेलं पाणी, तिसऱ्याला काहीच नाही. रस आणि रंगीत पाणी दोन्ही 'काहीच नाही'पेक्षा सरस ठरले, पण रस पाण्यापेक्षा सरस ठरला नाही. आता नीट विचार करा, इथे नेमकं कोण बरं झालं? गुण आईवडिलांनी दिले होते. दोन-चार महिन्यांच्या बाळाला "मला औषध दिलं" असं वाटण्याची शक्यता नाही. चमच्याने काहीतरी भरवल्याचा दिलासा आईला मिळाला आणि तिने रात्रीचं वर्णन जरा सौम्य केलं, हे जास्त पटतं.

आणि मग कालगती. २०१३ मध्ये मार्क एबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तीव्र खोकला सरासरी १७.८ दिवस टिकतो, तर लोकांची अपेक्षा सात ते नऊ दिवसांची असते. लोक बाटली कधी आणतात? खोकला ऐन भरात असताना. तिथून पुढे तो उतरणारच असतो. औषध घेतलं तर सात दिवसांत, नाही घेतलं तर आठवड्यात, हा विनोद सर्दीबद्दल आपल्याकडे आहेच; खोकल्याला फक्त आठवडे वाढवून घ्या. म्हणूनच तर नियंत्रण गट लागतो. "मला तर गुण आला" हे वाक्य खोटं नसतं, पण ते औषधाबद्दल काही सांगत नाही.

मुलांवरच्याच आणखी एका चाचणीकडे वळते, कारण ती चुकीच्या पद्धतीने सांगितलेली मी अनेकदा ऐकली आहे. २००७ ची, पॉल यांच्याच गटाची: १०५ मुलं, मध, मधाच्या चवीचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि काहीच नाही. लोक सांगतात, "मध औषधापेक्षा चांगला ठरला." तसं नाही. मध 'काहीच नाही'पेक्षा सरस ठरला, औषध 'काहीच नाही'पेक्षा सरस ठरलं नाही, पण मध आणि औषध यांची थेट तुलना केली तेव्हा त्यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. पहिल्या दोन वाक्यांतून तिसरं वाक्य आपल्या मनाने काढायचं नसतं. संशोधन पद्धतीच्या वर्गात हा मुद्दा पाच मिनिटांत संपतो आणि पुढे आयुष्यभर चुकतो. (मधाच्या बाजूचा पुरावा त्यानंतर वाढला, कॉक्रेनचा मधावर वेगळा आढावाही आहे. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. बोट्युलिझमचा धोका असतो, आणि आजीने सांगितलं तरी तो असतोच.)

मुलांच्या बाबतीत गुळमुळीतपणा का चालणार नाही

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. मुलांच्या चाचण्यांत खोकला दाबणारी औषधं (तीन चाचण्या), अँटिहिस्टामिन (तीन), अँटिहिस्टामिन आणि नाक मोकळं करणाऱ्या औषधाची जोडी (दोन), खोकला दाबणारं आणि श्वासनलिका रुंदावणारं औषध एकत्र (एक), यांतलं काहीही प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. इथे मोठ्यांसारखे 'मिश्र' निकाल नाहीत. कफ सुटायच्या औषधांची मुलांवरची निकषांत बसणारी एकही चाचणी मिळाली नाही. औषधाच्या बाजूने उरतात ते १९६६ चे ते दोन सिरप आणि कफ पातळ करणाऱ्या औषधाची एक छोटी चाचणी.

'परिणाम नसल्याचा पुरावा' आणि 'पुराव्याचा अभाव' या वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरं. ४३ जणांच्या चाचणीबद्दल मी तेच म्हटलं. मग इथे माझी भूमिका बदलली का? नाही. बदलला तो प्रश्न. मोठा माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या समजुतीने, छोट्याशा शक्यतेवर बाटली विकत घेतो. दोन वर्षांचं पोर तसं करत नाही. त्याच्या बाबतीत औषध निरुपयोगी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कुणाचीच नाही. उपयोगी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्याची आहे. तिथे 'बाजूनेही नाही, विरोधातही नाही' असा तराजूचा समतोल दाखवला की वाचक काटा मध्ये आहे असं समजतो. प्रत्यक्षात एका पारड्यात काहीच नाही आणि दुसऱ्यात दुष्परिणाम आहेत. आढावाच सांगतो की २१ चाचण्यांनी दुष्परिणाम नोंदवले आणि अँटिहिस्टामिन व डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेल्या औषधांत ते जास्त होते. मग निष्कर्षाच्या वाक्यात ते पारडं का दिसत नाही?

मुलांचे डोस कसे ठरले हेही माहीत असू द्या. अमेरिकेत ते बराच काळ मोठ्यांच्या डोसाचे भाग पाडून ठरवले गेले: सहा ते अकरा वर्षांना अर्धा, दोन ते पाच वर्षांना पाव. मुलं म्हणजे छोटी मोठी माणसं, या गृहीतकावर. नियामकांनी नंतर पाय मागे घेतले. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने दोन वर्षांखालील मुलांना ही औषधं देऊ नयेत असं सांगितलं, त्याच वर्षी कंपन्यांनी लेबलवर चार वर्षं ही मर्यादा घातली, आणि २००९ मध्ये ब्रिटनने सहा वर्षांखाली नको म्हटलं. कॉक्रेनचं वाक्य २०१४ मध्येही तराजूच्या मधोमधच होतं.

आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांसाठी नाही' असा इशारा छापायला सांगितलं. हे मिश्रण म्हणजे आढाव्यातल्या त्या अँटिहिस्टामिन-नाक मोकळं करणाऱ्या जोडीतलंच. आणि मग २०२५ चा सप्टेंबर-ऑक्टोबर. मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या परिसरात खोकल्याच्या सिरपनंतर मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतली बरीच उपचारासाठी नागपूरला आणलेली होती. तामिळनाडूच्या तपासणीत त्या सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, जे नगण्य प्रमाणाच्या वर असताच कामा नये.

या घटनेचा संशोधनाशी संबंध लावताना सावध राहा. भेसळ हा उत्पादन आणि तपासणीचा गुन्हा आहे. त्यावरून औषधाचा रेणू निरुपयोगी ठरत नाही. वर्तमानपत्रांतल्या चर्चेत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळले होते, तुम्ही मिसळू नका. पण दुसरी बाजूही बघा. त्या बाटलीवर लिहिलेले घटक होते पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन. आणि गेलेली बहुतेक मुलं पाच वर्षांखालची होती. म्हणजे बाटली शंभर टक्के शुद्ध असती तरी यातल्या अनेक मुलांना ती द्यायची नव्हती. उपयोग शून्याच्या आसपास असेल तर धोका किती छोटा असला म्हणजे चालेल? कितीही छोटा असला तरी नाही. ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने सूचना काढली: दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखाली सर्वसाधारणपणे शिफारस नाही. अशी सूचना काढायला लागणारा पुरावा त्याआधी कित्येक वर्षं टेबलावर पडून होता. तो ज्या वाक्यात गुंडाळून ठेवला होता, ते वाक्य आपण आत्ता वाचतोय.

आणखी एक अडचण खास आपली. आढाव्यातली औषधं आणि आपल्या मेडिकलच्या फळीवरच्या बाटल्या एक नाहीत. आपल्याकडे 'ओटीसी' असा कायद्याने नीट आखलेला वर्गही नाही. चिठ्ठी लागते त्या बाटल्याही चिठ्ठीशिवाय मिळतात. बाटलीत बहुधा तीन-चार घटक. अँब्रॉक्सॉल, टर्ब्युटालिन आणि ग्वायफेनेसिन हे मिश्रण तुम्ही पाहिलं असेल. प्रत्येक घटकावर वेगळी चाचणी असली तरी मिश्रणाला तो पुरावा उसना मिळत नाही. मोठ्यांसाठी कफ पातळ करणाऱ्या औषधाचा आढाव्यातला पुरावा म्हणजे एकच चाचणी, ९९ जणांची, ब्रोमहेक्सिनवर. (ब्रोमहेक्सिन हा आपल्या अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून बेतलेला रेणू, आणि अँब्रॉक्सॉल हा ब्रोमहेक्सिनचा शरीरात होणारा अवतार. अडुळशाचा काढा नको म्हणणाऱ्या घरातही अडुळसा येतोच, फक्त लेबल लावून.) तेव्हा कुणी "कॉक्रेनमध्ये कफाच्या औषधांना पुरावा आहे" असं म्हणालं तर विचारा, कुठल्या औषधाला, किती जणांवर, आणि या बाटलीत तेच आहे का.

एवढं सगळं म्हणूनही, हा आढावा वाईट नाही. उलट, मी जी भांडणं काढली ती सगळी त्यातल्याच माहितीवरून, आणि त्याने बोट दाखवलेल्या मूळ चाचण्यांवरून काढता आली. मुलाखतीत असा निबंध समोर आला तर सारांशावर थांबू नका. शेवटी 'समाविष्ट चाचण्यांची वैशिष्ट्यं' नावाचा लांबलचक, कंटाळवाणा तक्ता असतो. प्रत्येक चाचणीची माणसं, वय, डोस, काय मोजलं, किती वेळ मोजलं, पैसा कुणाचा, असं सगळं एकेका चौकटीत. ती तीन मुलं निष्कर्षात नव्हती. त्या चाचणीत मुलं किती होती हे तिथेच सापडतं, पुढचा गुणाकार आपला आपण करायचा.